गावाची चाल कोण ठरवतं?

कारंजाचा एखादा पोरगा मुंबईला नोकरीला लागतो. सहा महिन्यांत तो दादरच्या पुलावर असा चालायला लागतो, की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं. जिना उतरता उतरता पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात, बॅग पाठीवरून पोटावर, नजर इंडिकेटरवर. गाडीला अजून चार मिनिटं आहेत हे दिसलं तरी पाय सैल पडत नाहीत.

दिवाळीला हाच पोरगा गावी येतो. बसस्टँडपासून घर दहा मिनिटांवर. त्याला पाऊण तास लागतो. "कधी आला बे?" "सुट्ट्या किती?" "तिकडं पाऊसपानी काय म्हन्ते?" पानठेल्यावर दोघे, कृषी केंद्राच्या पायरीवर तिघे, वळणावर एक काकाजी. घरी पोचेपर्यंत दोन चहा झालेले असतात आणि त्याला घाई झाल्याचं कुठंही जाणवत नाही. सुट्टी संपते, गाडी कल्याण सोडते आणि पठ्ठ्या दाराशी जाऊन उभा राहतो.

आता यातली त्याची खरी चाल कोणती?

हे कारंजा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, कंसात ‘घाडगे’ लिहितात ते. लाडांचं कारंजा वाशिम जिल्ह्यात, त्याच्याशी याचा संबंध नाही. नागपूर-अमरावती महामार्गावर, दोन्ही शहरांच्या जवळपास मधोमध वसलेलं हे तालुक्याचं गाव. नगरपंचायत, आठवडी बाजार, आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कापूस, सोयाबीन, तूर. रेल्वे नाही.

अशा गावाबद्दल मुंबई-पुण्याकडे एक ठरलेलं मत असतं: विदर्भातली माणसं निवांत. कुणी प्रेमानं म्हणतं, कुणी ‘आळशी’ हा शब्द जिभेवर येता येता गिळून म्हणतं. पुलंनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर कसं व्हायचं याचं जे फर्मास कथन केलं, ते ऐकून तीन पिढ्या हसल्या. पण विनोदाचं काम फरक दाखवण्याचं. फरक का पडतो, हे विचारलं की आपण ‘तिथलं पाणीच तसं’ म्हणून मोकळे होतो. पाण्याचा प्रश्न असता तर त्या पोराची चाल कल्याणला बदलली नसती.

चाल मोजायची कशी?

शहराचा वेग हा गप्पांचा विषय असला तरी तो मोजता येतो, आणि गेली पन्नासेक वर्षं मोजला जातो आहे. मार्क आणि हेलन बोर्नस्टीन या दोघांनी १९७६ साली सहा देशांतल्या पंधरा ठिकाणी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांना वेळ लावली. ग्रीसमधल्या काहीशे वस्तीच्या खेड्यापासून प्राग-ब्रुकलिनपर्यंत. त्यांना दिसलं ते असं, की लोकसंख्या वाढेल तशी चाल वाढते. सगळ्यात संथ आणि सगळ्यात वेगवान ठिकाणांत सुमारे दुपटीचा फरक होता.

पुढे रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हाच विषय आयुष्यभर लावून धरला. १९९० साली त्यानं एकाच देशातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, ३६ शहरांची तुलना छापली. माणसं किती भरभर चालतात, बँकेतला कारकून किती चटकन काम उरकतो, लोक बोलतात किती वेगानं आणि किती जणांच्या मनगटावर घड्याळ आहे, अशा त्याच्या चार कसोट्या होत्या. बोस्टन पहिलं आलं, लॉस एंजेलिस शेवटचं. देश एक, भाषा एक, चलन एक. तरी ईशान्येकडची शहरं घाईत आणि कॅलिफोर्निया निवांत. आपल्या मुंबई-नागपूरच्या थट्टेचं हे अमेरिकन भावंडच.

१९९९ मध्ये लेव्हिन आणि आरा नोरेन्झायन यांनी ३१ देशांतल्या मोठ्या शहरांची यादी लावली. स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी, जपान वर. मेक्सिको, इंडोनेशिया, ब्राझील तळाशी. भारत त्या यादीत नव्हता. वेग कुठं जास्त आढळला? जिथं पैसा जास्त, हवा थंड आणि माणूस स्वतःपुरतं बघणारा, तिथं. वेगवान ठिकाणी हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. आणि गंमत म्हणजे, तिथले लोक स्वतःला जास्त समाधानीही म्हणवत होते. म्हणजे ‘संथ गाव सुखी, पळतं शहर दुःखी’ हे सोपं समीकरण आकड्यांनी मान्य केलं नाही.

▣ चौकट: आपल्या गावात मोजून पाहा

लेव्हिनच्या १९९९ च्या अभ्यासातल्या तीन कसोट्या कुणालाही करता येतील.

*चालणं.* सपाट, मोकळ्या, गर्दी न तुंबणाऱ्या रस्त्यावर ६० फूट (साधारण १८ मीटर) अंतर खुणेनं ठरवा. एकट्यानं चालणाऱ्या, दुकानांकडे न बघणाऱ्या प्रौढ माणसांना ते पार करायला किती सेकंद लागतात ते टिपा. गटानं चालणारे सोडून द्या. त्यांची चाल त्यांच्यातल्या सगळ्यात हळू माणसाची असते.

*खिडकी.* पोस्टात एक तिकीट मागा, नोट द्या, सुटे परत हातात पडेपर्यंतचा वेळ मोजा.

*घड्याळं.* भर बाजारातल्या पंधरा बँकांमधली भिंतीवरची घड्याळं किती मिनिटं पुढे-मागे आहेत ते पाहा. हल्ली मोबाईलमुळे भिंतीच्या घड्याळाला कुणी विचारत नाही, म्हणून ही कसोटी आता कमजोर झाली आहे.

कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, चांगल्या हवेत मोजा. मे महिन्यातल्या दुपारी कारंजात मोजाल तर मोजायला माणूसच सापडणार नाही.

जू मानेवर असलं की

मोकळा बैल आपल्या मनानं चरतो. त्याच बैलाला जुवाला जुंपलं की त्याची चाल त्याची राहत नाही. जोडीदार, गाडी, चढ-उतार, हाकणारा, सगळे मिळून ती ठरवतात. शहराचा वेग समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते: तुमचा दिवस किती जणांच्या दिवसाशी जुंपलेला आहे?

मुंबईत तो लाखोंच्या दिवसाशी जुंपलेला आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, आणि त्यानंतर हे शहर रुळांच्या कडेनं लांबत गेलं. घर विरारला, कामाचं ठिकाण चर्चगेटला. लोकल एका स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात शेकडो माणसं उतरायची आणि शेकडो चढायची. एक माणूस दारात रेंगाळला तर मागचे दहा अडतात, म्हणून ते त्याला रेंगाळू देत नाहीत. धक्का बसतो तो शिष्टाचार सुटला म्हणून बसत नाही. तिथला शिष्टाचारच तो आहे. ८.१२ चुकली तर ८.१६ असते, पण ८.१६ ला पुढची बस जुळत नाही, पंचिंगला लाल खूण पडते, महिन्यात अशा तीन झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. चार मिनिटांच्या चुकीची किंमत चार मिनिटं नसते, म्हणून माणूस पळतो.

शिवाय गर्दी स्वतःच एक काम लावते. स्टॅन्ली मिलग्रॅम यानं १९७० साली मांडलं, की मोठ्या शहरात डोळ्या-कानांवर इतका मारा होतो की माणूस त्यातलं बहुतेक गाळायला शिकतो: नजरेला नजर देत नाही, उत्तर तुटक देतो, थांबत नाही. बृहन्मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती. दिसेल त्याला ‘रामराम’ करायचं ठरवलं तर माणूस अंधेरीच्या पुलावरच म्हातारा होईल. वर्धा जिल्ह्याची सरासरी घनता त्याच जनगणनेत चौरस किलोमीटरला सुमारे २०६. इथं रामराम परवडतो.

लुईस बेटेनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये, मुख्यतः अमेरिका, युरोप आणि चीनची आकडेवारी घेऊन, याला गणिती रूप दिलं. शहराची वस्ती दुप्पट झाली की मिळकत, नवे शोध यांचं माणशी प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. गुन्हे आणि साथीचे आजारही त्याच हिशेबानं वाढतात. कारण एकच: माणसं एकमेकांना जास्त वेळा भेटतात. मात्र शहरातली भेट बहुतेक अनोळखी माणसाशी, एका कामापुरती आणि आखूड असते. तशा भेटी दिवसात पुष्कळ बसवायच्या तर प्रत्येक भेट छाटावी लागते.

पानठेल्यावरची अर्थव्यवस्था

कारंजातल्या भेटी छाटता येत नाहीत, आणि त्याचं कारण मोकळा वेळ हे नाही.

जून उजाडला की शेतकऱ्याला बियाणं लागतं, खत लागतं. रोख पैसा हातात नसतो. कापूस-सोयाबीन विकायला अजून चार-सहा महिने आहेत. कृषी केंद्रवाला वहीत नाव मांडून माल देतो. कुणाला द्यायचा आणि किती, हे तो कशावरून ठरवतो? बँकेसारखा त्याच्याकडे सिबिलचा आकडा नाही. त्याच्याकडे वर्षभराच्या गप्पा असतात. कुणाच्या विहिरीला पाणी किती, कुणाच्या पोरीचं लग्न निघालं, कुणाची बाग यंदा धरली, कोण कुणाशी बोलत नाही. ही माहिती पायरीवर, ठेल्यावर, चहाच्या ग्लासाबरोबर जमा होते. दुकानासमोरून न थांबता जाणाऱ्याची माहिती जमा होत नाही, आणि जूनमध्ये त्याची पंचाईत होते.

हेच वेचणीच्या मजुरांचं, हेच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं, हेच संत्र्याच्या बागेचा सौदा करणाऱ्या व्यापाऱ्याचं. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. "बसा न भाऊ," म्हणत ठेलेवाला प्लेट पुढं करतो. पोह्यावर हरभऱ्याची लाल तर्री ओतली जाते, वर कांदा, आणि तेवढ्यात शेजारचा माणूस सहज विचारतो, "तुमच्या बागेत किती माल हाय यंदा?" हा प्रश्न सहज नाही. विचारणाऱ्याला ते माहीत आहे, उत्तर देणाऱ्यालाही. म्हणून उत्तर सरळ येत नाही. आधी पावसावर जातं, मग गळीवर, मग कुण्या तिसऱ्याच्या बागेवर. मुंबईचा माणूस हे बघून म्हणेल, किती वेळ घालवतात. पण हा धंदाच चालला आहे. लिखापढी, वकील, हमीपत्र यांचं काम इथं ओळख करते, आणि ओळखीला वेळ लागतो.

शहरातला माणूस हाच भरवसा पैसे मोजून विकत घेतो: अनामत, विमा, करारपत्र, ॲपवरचे तारे. मग त्याला थांबून बोलायची गरज उरत नाही. एक जण भरवशाची किंमत रुपयांत देतो, दुसरा मिनिटांत. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञानं १९६५ साली वेळेचा असाच हिशेब मांडला होता: ज्याच्या तासाला जास्त मोबदला, त्याला रिकामा तास महाग. जिथं तासाला भाव नाही आणि भरवशाला आहे, तिथं माणूस तास खर्चून भरवसा घेतो. यात आळस कुठं आला?

वर्षाला दोन गती

दुसरी गफलत पाहुण्यांची असते. ते मे महिन्यात लग्नाला येतात आणि गाव झोपलेलं पाहून जातात.

गावाचा वेग वर्षभर एकसारखा नसतो. संत्र्याचं घ्या. आंबिया बहार धरला तर फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाला पाणी तोडून ताण द्यायचा, पावसाबरोबर फुलं येऊ द्यायची आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तोडणी सुरू झाली की घाई सुरू होते. तोडलेलं फळ थांबत नाही, गाडी भरून त्याच रात्री निघावी लागते, सकाळी बाजारात उशिरा पोचलेल्या मालाला भाव पडतो. त्या दिवसांत कारंजाचा बागाईतदार दादरच्या कुणाही माणसाच्या तोडीस तोड घाईत असतो.

कापसाचंही तेच. बोंडं फुटली की वेचणी थांबवता येत नाही. अवकाळी आला तर पांढरं सोनं काळं पडतं. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून हात जितके चपळ तितके पैसे. ओटीत कापूस भरत सरीतून पुढं सरकणाऱ्या बाईच्या बोटांना कुणी घड्याळ लावून पाहावं.

आणि रात्रीची लाईन. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर दुसरा रात्री. रात्रीची पाळी असली की ओलिताला रात्री जायचं, बॅटरी घेऊन, साप-विंचू सांभाळत, पाटाचं दार मोडत आणि बांधत. पहाटे घरी येऊन झोपलेला हा माणूस अकराला ठेल्यावर दिसतो. पाहुणा म्हणतो, अकरा वाजता बसलाय बघा.

उन्हाचा हुकूम

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. कारंजा त्याच पट्ट्यात. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत दुपारी बाहेर पडणारा माणूस डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळून, कांदा खिशात ठेवून निघतो. कांद्याचा उपयोग काय ते कांद्यालाच ठाऊक. दुपट्ट्याचा मात्र नक्की होतो.

शरीराचं गणित साधं आहे. आपले स्नायू काम करताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामाला लावतात. बाकीची उष्णता होते. भराभर चाललं की उष्णता जास्त. ती बाहेर टाकायची तर हवा त्वचेपेक्षा थंड हवी, नाहीतर सगळा भार घामावर. बाहेर ४५ अंश असताना हवा उष्णता घेत नाही, उलट देते. अशा वेळी हळू चालणं आणि बारा ते चार घरात थांबणं ही शरीरानं घेतलेली काळजी आहे. शेतकरी पहाटे पाचला शेतात जातो, दहाला परत येतो. कामाचे तास तेवढेच, फक्त घड्याळाच्या दोन टोकांना ढकललेले.

दुपारची झोप ही काही विदर्भाची मक्तेदारी नाही. पुण्यातली एक ते चार बंद दुकानं जगप्रसिद्ध झाली, पण सौराष्ट्रात राजकोट दुपारी तसंच मिटतं, गोव्यातली दुकानंही. पुणेकरानं त्यावर पाटी लावली आणि पाटीवरून विनोद झाले, एवढाच फरक. पण सगळं उन्हावर ढकलूनही चालणार नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांच्या पुढाकारानं २००६ मध्ये ३२ शहरांतली चाल मोजली गेली, तेव्हा पहिला नंबर विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरचा लागला. तिथं एसी आहे. म्हणजे उन्हाचा हुकूम मोडता येतो, वीजबिल भरायची ऐपत असेल तर.

सूर्य एकीकडे, घड्याळ दुसरीकडे

कारंजात सूर्य मुंबईच्या सुमारे २२ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं. घड्याळ मात्र एकच. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, ती ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईकरांना ती सहजी पचली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ तिथल्या महापालिकेनं १९५५ पर्यंत जपली. घड्याळाच्या काट्यावर पळणारं म्हणून मिरवणारं हे शहर जवळपास पन्नास वर्षं देशाच्या घड्याळाशी भांडत होतं!

टोकं पाहिली तर फरक मोठा होतो. अरुणाचल आणि द्वारका यांच्या सूर्यात जवळजवळ दोन तासांचं अंतर आहे. आसामच्या चहामळ्यांनी म्हणूनच घड्याळ तासभर पुढं ठेवण्याची आपली ‘बागान टाइम’ची पद्धत राखली. पश्चिमेकडे उलटी अडचण. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की सूर्यास्त तासभर उशिरा असला तर मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण रात्री झोपायची वेळ सूर्यावर जाते आणि सकाळी उठायची शाळेच्या घंटेवर. ‘पूर्वेकडची माणसं लवकर झोपतात’ असं आपण म्हणतो, त्यातला एक हिस्सा असा निव्वळ भूगोलाचा असतो.

भोंगा आणि माणसं

वेग स्वभावात असतो की शिकवला जातो, याचा एक पुरावा नागपुरातच आहे. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात कापडगिरणी काढली. कापूस इथं, म्हणून गिरणी इथं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी ती सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस मिल. मुंबईतले गिरणी चालवणारे इथं आले आणि हैराण झाले: कामगार रोज येईनात. चार पैसे हातात आले की घरी थांबत, पेरणी निघाली की गावी जात. टाटांनी दंडाचा बडगा उगारण्याऐवजी भविष्यनिर्वाह निधी, अपघातात भरपाई, बक्षिसांचे समारंभ असा दुसरा रस्ता धरला. एकाच ठिकाणी टिकून राहण्यात फायदा दिसला, तसे लोक टिकले.

म्हणजे ‘निवांत’ नागपूरकर भोंग्यावर उठायला शिकले. तसं पाहिलं तर मुंबईच्या गिरण्यांतले कोकणी कामगार तरी जन्मतः कुठं घाईचे होते? शिमग्याला, गणपतीला, भातलावणीला त्यांचेही साचे ओस पडत. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये इंग्लंडबद्दल हेच दाखवलं: घड्याळाच्या शिस्तीत काम करणं तिथल्या मजुरांनाही दीडशे-दोनशे वर्षं घटवावं लागलं.

याच मातीत वेगासाठी पैदास केलेलं जनावर आहे, हेही सांगायला हवं. गवळाऊ ही वर्धा-नागपूर पट्ट्यातली गाईबैलांची जात; अंगानं हलकी, पायानं तेज. डोंगराळ मुलखातून फौजेचं सामान झपाट्यानं हलवण्यासाठी मराठ्यांच्या काळात तिचा उपयोग होई. कारंजा तालुक्यातल्याच हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी प्रक्षेत्र आहे. गरज होती तेव्हा इथल्या लोकांनी वेग जोपासला.

निवांत कोण?

पानठेल्यावर, पायरीवर, पारावर बसलेली माणसं मोजा. बाया किती?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात देशभरातल्या घरांना विचारलं होतं, की चोवीस तास कसे घालवता. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि असं काम मुळात करणारे पुरुष शंभरात २६, स्त्रिया ८१. म्हणून ‘कारंजा निवांत आहे’ असं म्हणताना आपण गावातल्या अर्ध्या माणसांबद्दल बोलत असतो. दुसरं अर्धं गाव वेचणीला जातं, परत येऊन चूल पेटवतं, आणि त्याची चाल मोजायला कुणी ६० फुटांची खूण केलेली नसते. मुंबईत लोकलच्या महिला डब्यात शेंगा सोलणारी बाई आणि कारंजात वेचणीहून धावत येणारी बाई यांच्या वेगात मला तरी फारसा फरक वाटत नाही. शहरांची तुलना करणारे बहुतेक लेखक पुरुषांच्या ठेल्यावर बसून लिहितात.

माणुसकीचा हिशेबही सरळ येत नाही. लेव्हिननं २३ देशांतल्या शहरांत अनोळखी माणसाला मदत करण्याची वृत्ती तपासली. पेन पडलं तर कोण उचलून देतं, आंधळ्याला रस्ता कोण ओलांडून देतं. न्यूयॉर्क जवळजवळ तळाशी गेलं, पण दाट वस्तीचं कोलकाता पहिल्या पाचांत आलं. गर्दीनं माणूस कोरडा होतो हा नियम बंगाल्यांनी पाळला नाही.

रस्ता वेगवान, गाव?

कारंजातून जाणारा महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा होता, आता ५३. हजिऱ्याहून कोलकात्याकडे जाणारे ट्रक इथून जातात. चौपदरी झाल्यावर त्यांचा वेग वाढला, गावाचा वाढला नाही. जी गाडी थांबत नाही ती कुणाचा दिवस आपल्याशी जुंपत नाही. समृद्धी महामार्गाचंही तेच होईल असा माझा अंदाज. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, नागपूर-मुंबई आठ तासांवर आलं, वर्धा जिल्ह्यातून तो सेलू-आर्वीकडून जातो आणि कारंजाला बाजूला ठेवतो. कुंपणाआडून जाणाऱ्या गाड्या पाहून कुणी भराभर चालायला लागत नाही.

थांबते ती एसटी. म्हणून मला वाटतं, गावाच्या चालीवर समृद्धीपेक्षा जास्त परिणाम १७ मार्च २०२३ च्या निर्णयाचा होईल. त्या दिवसापासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. अर्ध्या तिकिटात नागपूरचा दवाखाना, अमरावतीची बहीण, तळेगावचा बाजार आवाक्यात आला, आणि त्याबरोबर वेळापत्रकही घरात शिरलं. सातची बस गाठायची तर पोळ्या पाचला लाटून व्हायला हव्यात, पाणी त्याआधी भरायला हवं, आणि घरच्या पुरुषाला आपला चहा आपण करून घ्यायला शिकायला हवं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी चटकन झाल्या आहेत.